लाल रेषेच्या अलीकडे

३ मार्च, सोमवार

आणि वर मलाच म्हणतो, तू ऐकत नाहीस! मी! माझं दिवसभराचं कामच ऐकायचं आहे. पण हे त्याला कोण सांगणार? मी तोंड उघडेपर्यंत हा पुढच्या वाक्यावर.

काल रविवार, म्हणजे दादाचा फोन. तोच सूर, तेवढाच मोठा. "इथं गिरणीवर माणूस नाही, आणि तू तिकडं खुर्चीत बसून रेडिओ ऐकायचा पगार घेतोस. लाज वाटत नाही?" फोन कानापासून हातभर लांब धरला तरी खोलीतल्या दुसऱ्या पोराला सगळं ऐकू गेलं. तो भिंतीकडं तोंड करून हसत होता. मी म्हणालो, दादा, इथं साहेब शिकवतात, काहीतरी होईल माझं. तर हा म्हणतो, "कधी येतोस ते बोल."

भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान ओरडत तरी नाही.

वडील गेल्यावर तोच वडील झाला. कुणाला न विचारता! त्यानं बोलायचं आणि घरानं माना हलवायच्या. मी नाही हलवली, निघून आलो. एवढ्या लांब आलो की यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. तरी दर रविवारी त्याचा आवाज माझ्या आधी खोलीत हजर.

४ मार्च, मंगळवार

आज कामाबद्दल लिहितो, नाहीतर हे पान पण दादाच खाईल.

मला घेतलं होतं गवत कापायला. स्टेशनच्या मागं मोठं मोकळं रान आहे, मधोमध मनोरा. त्याच्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारा पुरल्यात, चाकाच्या आऱ्यांसारख्या. तिथं गवत फार वाढून चालत नाही. मी विळा घेऊन त्या रानात फिरायचो आणि सुखात होतो. ऊन लागायचं, पण पाय मोकळे असायचे.

मग यंत्रखोलीतला लिमिटर मेला. लिमिटर म्हणजे आवाजाला आवर घालणारं यंत्र. जुनं, व्हॉल्व्हचं म्हणजे दिव्यासारख्या काचेच्या नळ्यांचं, पत्र्याच्या पेटीएवढं. त्याचे व्हॉल्व्ह आता कुठं मिळत नाहीत. साहेबांनी खिडकीतून हाक मारली, "अरे गवत्या, इकडं ये." गेलो. एक गोल बटण दाखवलं, एक काटा दाखवला. "काटा लाल रेषेच्या पुढं जाता कामा नये. आणि फार खाली पडूनही चालत नाही. बस." मी बसलो. तेव्हापासून बसलोच आहे!

आवाज फार वर गेला तर लाट मधूनच तुटते. बोलणं फाटतं, शेजारच्या स्टेशनवर आमची खरखर जाते, आणि फारच झालं तर ट्रान्समीटर रुसून स्वतःच बंद पडतो. आवाज खाली राहिला तर दुकानात, ट्रकमध्ये, मशीनच्या बाजूला रेडिओ लावून बसलेल्यांना नुसता वारा ऐकू येतो. म्हणून हळू बोलणाऱ्याला उचलायचं आणि ओरडणाऱ्याला दाबायचं. एवढंच काम. मान आखडते, डोळे चुरचुरतात, आणि पाय टेबलाखाली नुसते पळत असतात.

सगळे साहेबांना मागून 'काटा' म्हणतात. ते सुट्टीवरून आले तरी आधी विचारतात, "काटा काय म्हणतो?"

५ मार्च

सामन्याचं वर्णन. तो निवेदक माणूस आहे की भोंगा! मनगट सुजलं.

८ मार्च, शनिवार

आज काट्यानं मला मागच्या खोलीत नेलं. मला वाटलं झाडू मारायचाय. तर तिथं सगळे जुने डबे मांडलेले. मेलेल्या लिमिटरला आम्ही दोघांनी उचलून तिथंच ठेवलं, इतरांच्या रांगेत. माझी कंबर गेली. काटा मात्र धूळ पुसत बोलत सुटला.

म्हणाला, सगळ्यात आधी डबाच नव्हता. तुझ्यासारखा माणूस होता. काचेच्या मागं बसायचा. वाजवणाऱ्यांचा ताफा असला तर त्याच्यापुढं पण सुरांचा कागद ठेवायचे, म्हणजे नगारे कधी येणार ते आधी कळावं आणि हात आधीच खाली यावा. "नगारा वाजल्यावर बटण फिरवलंस तर तू नुसता प्रेक्षक!"

मग हे व्हॉल्व्हवाले आले. जो मान फार वर काढील त्याच्या टाळक्यात हाणायची, दुसरं काही नाही. माणसाच्या हातापेक्षा चपळ, पण खालच्याला वर काढायची अक्कल नाही. म्हणून पुढचे डबे निघाले, ते सावकाश उचलणारे. मग ट्रान्झिस्टर आला आणि पेटीची बशी झाली. मग एकानं आवाजाचेच पट्टे केले. खर्जाचा वेगळा, मधला वेगळा, वरचा वेगळा, आणि प्रत्येक पट्ट्याला स्वतःचं बटण. म्हणजे ढोल वाजला म्हणून गाणारी दबायची नाही. मी म्हणालो, एवढे हात माणसाला कुठून आणायचे? काटा म्हणाला, "म्हणून तर माणूस उठवला ना!"

आणि मग म्हणे ओरडायचा जमाना आला. लोक रेडिओचा काटा फिरवतात, ज्याचा आवाज मोठा तिथं थांबतात. मग प्रत्येक स्टेशनला दुसऱ्यापेक्षा मोठं व्हायचं. डब्याला डबा जोडला, आवाज चेपून चेपून भाकरीसारखा सपाट केला. कुजबूज पण मोठी, आरोळी पण तेवढीच मोठी. "लोक लावायचे, आणि थोड्या वेळानं डोकं दुखतं म्हणून बंद करायचे. का दुखतं ते त्यांना कळायचं नाही. आम्हाला कळायचं. आम्ही गप्प बसायचो, कारण मॅनेजर खूश होता."

काटा स्वतः असाच बटणावर बसायचा, तरुणपणी. डबा आला आणि याला उठवलं. मग यानं तोच डबा दुरुस्त करायला शिकून घेतला. हे सांगताना हसला, पण उगाच रांगेतला एक डबा सरळ करत राहिला. तो आधीच सरळ होता.

शेवटी खरी बातमी: नवा डबा मागवलाय. महिनाअखेर येईल. मग मी परत गवतावर, कमी पगारात. काट्यानं ते सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू सांगितलं. मी बटणावर असतो तर तिथं आवाज वर केला असता.

दादाला हे कळू द्यायचं नाही. कळलं की तो उद्याचं तिकीट काढायला लावील.

९ मार्च

दादाचा फोन. उचलला नाही. वाजू दिला. वाजून वाजून थकला, मग मी पण थकलो.

१३ मार्च, गुरुवार

बाईंबद्दल लिहायचं राहूनच गेलं. बातम्या वाचतात त्या. पुढच्या बाजूला स्टुडिओ, मागं मी, मध्ये बोळ. पहिले कित्येक दिवस मी त्यांना पाहिलंच नव्हतं, नुसता आवाज. मग एक दिवस दारात उभ्या. ठेंगण्या, पांढरे केस, हातात पाण्याची बाटली. "तूच का रे तो माझा गळा दाबणारा?"

मी उभाच राहिलो. त्या म्हणाल्या, "बस, बस. काटा पडेल तुझा." तेव्हापासून मी गळादाब्या. काट्याचा गवत्या, बाईंचा गळादाब्या, दादाचा नालायक. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलंय.

बाईंना धाप लागते. जिना चढून आल्या की लोहाराचा भाता. माइकपुढं बसल्यावर दाबून धरतात, पण दोन बातम्यांच्या मध्ये श्वास घ्यावाच लागतो, आणि तो मोठा येतो, शीळ घातल्यासारखा. मला आता आधीच कळतं. वाक्याचा शेवटचा शब्द त्या जरा ओढतात, की माझा हात खाली. श्वास जातो, हात वर. बाहेर कुणाला काही कळत नाही. काटा एकदा मागं उभा राहून बघत होता. मग चहा पाठवला.

बाई आज म्हणाल्या, "तू आहेस तोवर मी तरुण आहे हो." मी म्हणालो, महिनाअखेरपर्यंत आहात मग. त्या हसल्या. मग हसता हसता धाप लागली आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मला तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

१६ मार्च, रविवार

आज उचलला. गिरणीचा दगड पुन्हा गेला म्हणे! वरचं धान्य संपलं, दगडावर दगड घासत राहिला, जळका वास सुटला तेव्हा कुठं कळलं. या वर्षातली ही दुसरी वेळ. दगडाला टाकी लावणाऱ्या पाथरवटाला बोलवायचं, दोन दिवस गिरणी बंद, गिऱ्हाईक दुसरीकडं. आणि हे सगळं कुणामुळं? माझ्यामुळं! "तू असतास तर झालं असतं का?"

अरे, पण तू कुठं होतास? तिथंच होतास ना, दगडाशेजारी? धान्य संपलं की दगडाचा आवाज बदलतो, हे मला तूच शिकवलंस. मी एवढासा होतो, गोणीवर बसवायचास, डोळे मिटायला लावायचास. "आता सांग, भरलाय का रिकामा?" चुकलो की टपली. मग आता काय झालं? झोपला होतास?

हे सगळं मी बोललो पण. त्याचं आपलं चालूच, "कधी येतोस? कधी येतोस?" शेवटी माझं डोकंच फिरलं. असा ओरडलो की खोलीचा मालक दार उघडून बघायला आला. तेव्हा दादा थांबला. म्हणाला, "ओरडतोस कशाला माझ्यावर?" आणि मग मी विचारलं होतं त्याचं धड उत्तर दिलं, पहिल्यांदाच. "नाही झोपलो. तिथंच होतो."

म्हणजे या माणसाला ओरडूनच सांगावं लागतं. तेवढीच भाषा कळते.

मागून वहिनी काहीतरी बोलत होती. त्यानं फोन ठेवला.

२४ मार्च, सोमवार

आला डबा. आणि केवढा! पाटाएवढा, चपटा, काळा. माणूस उठवायला एवढंसं पुरतं.

काट्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि दिवसभर आम्ही तारा जोडल्या. मी एका जोडीत दोन तारा उलट जोडल्या. डब्यावर सगळं ठीक दिसत होतं. मग बाजारभाववाला वाचायला बसला, ज्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आहे, आणि त्याचा सगळा रुबाबच गेला. चिरका आणि बारका, जसं कुणी मानेवर बसलंय. काटा खुर्चीवरून पडेपर्यंत हसला. "अरे गवत्या, उलटा टांगलास त्याला!"

मग समजावून सांगितलं. माणसाचा आवाज वर आणि खाली दोन्हीकडं सारखा नसतो, एका बाजूला जास्त झेपावतो. आमच्या लाटेत खाली जमीन आहे, तिथं आपटलं की संपलं. वर मात्र थोडं आभाळ मोकळं असतं. म्हणून मोठी बाजू वर यायला पाहिजे. मी ती खाली केली, तो बिचारा जमिनीवर डोकं आपटत राहिला आणि डबा त्याला दाबत राहिला. तारा फिरवल्या, लगेच विहीर परत.

बाजारभाववाला बाहेर येऊन म्हणाला, "आज घसा जरा बसलाय का माझा?" आम्ही दोघं म्हणालो, हो हो, हवा बदललीय.

खुर्ची तिथंच आहे. मी तिच्यावर बसलो नाही. सवयीनं हात मात्र मधूनच बटणाकडं जात होता.

२५ मार्च, मंगळवार

वाईट झालं.

सकाळच्या बातम्या. बाई वाचतात, डबा उत्तम. आवाज असा भरीव की मी पण मान हलवली. मग पहिली बातमी संपली. बाई थांबल्या. डब्याला वाटलं, आवाज कमी झाला, उचला! आणि त्यानं उचललं. खुर्ची करकरली ती मोठी, कागद उलटला तो पाऊस पडल्यासारखा, आणि मग बाईंचा श्वास. सगळ्या मुलखात. ट्रकमध्ये, दुकानात, दवाखान्यात. भाता, शीळ, भाता, शीळ. प्रत्येक बातमीनंतर. मी यंत्रखोलीत उभा, हात हवेत. काटा नुसता काट्याकडं बघत. तो तर झकास नाचत होता, लाल रेषेच्या अलीकडे, अगदी शहाण्यासारखा!

फोन सुरू झाले. "बाईंना काय झालंय?" "कुणाला दमा आहे का तिथं?" एकानं तर विचारलं म्हणे, स्टुडिओत म्हैस बांधलीय का.

मॅनेजर आला. म्हणाला बाईंनी आता विश्रांती घ्यावी, बातम्या दुसरं कुणीतरी वाचेल. काटा म्हणाला, डब्याचा दोष आहे, बाईंचा नाही. मॅनेजर म्हणाला, एवढ्या किमतीच्या डब्याचा? मग माझ्याकडं बघून, "तोवर हा बसू दे परत बटणावर. डबा बंद ठेवा."

आणि मला आनंद झाला. लिहून टाकतो, इथं कोण वाचतंय? बाई तिकडं जिन्यावर डोकं धरून बसल्या होत्या आणि मला खुर्ची परत मिळाल्याचा आनंद झाला.

जाताना त्यांच्या बाजूनं गेलो. म्हणाल्या, "इतकी वर्षं लोक तुमच्या डब्यांना आणि बटणांनाच ऐकत होते. मला आज ऐकलं." बाटलीत पाणी भरून आणून दिलं.

२८ मार्च, शुक्रवार

दोन दिवस बटणावर बसलो. मग आज काटा शेजारी खुर्ची ओढून बसला. म्हणाला, डब्याला शिकवू या. तो मूर्ख नाही, त्याला कुणी सांगितलं नाही एवढंच. किती चपळाईनं दाबायचं, किती सावकाश सोडायचं, आणि कशाच्या खाली गेलं की हात लावायचाच नाही — बोलणं नाही तिथं उचलायचं नाही — हे सगळं त्यात बसवता येतं. "तू बाईंचं वाचन हातानं कर. मी तुझा हात बघतो आणि आकडे बसवतो."

मी विचारलं, मग मी? तो म्हणाला, "मग तू गवतावर." फिरवून नाही बोलला, हे बरं केलं. मग म्हणाला, "नाही म्हणालास तरी चालेल. मी मॅनेजरला सांगीन, जमत नाही. बटणावर तू राहशील. बाईंचं काय ते मॅनेजर ठरवील. माणूस आज आहे उद्या नाही, हे त्यानं आधीच बोलून दाखवलंय."

मी उठून रानात एक चक्कर मारली. गवत गुडघ्यापर्यंत आलंय, कुणी हातच लावलेला नाही.

परत आलो आणि बसलो. तीनदा वाचन झालं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. माझा हात आणि त्याचे आकडे. शेवटच्या वेळी त्यानं माझा हात धरून बाजूला केला आणि डबा चालू केला. बाईंनी शेवटचा शब्द ओढला. डबा थांबला. श्वास गेला. काही नाही. नुसती शांतता, हवी तेवढीच. मग पुढची बातमी.

अगदी माझ्यासारखं! माझ्यापेक्षा बरं. त्याचं मनगट दुखत नाही.

बाई आल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. थकलोय. जेवलो पण नाही.

२९ मार्च

मॅनेजरनं सांगितलं, एक तारखेपासून गवत. पगार जुना.

तिकीट काढलं घरचं. आठ तारखेचं. साहेब म्हणत होते ऑपरेटरच्या कोर्सला बस, फीपुरतं साठवलेलं पण आहे. पण कंटाळा आला. हरायचंच आहे तर घरी जाऊन हरावं.

३० मार्च, रविवार

हे काय होतं ते मला कळत नाहीये, म्हणून घडलं तसं लिहितो.

दादाचा फोन आला. माझ्यात भांडायचं बळ नव्हतं. म्हणालो, "येतो दादा." हळूच म्हणालो, जसं थकलेला माणूस म्हणेल. तो म्हणाला, "गप्प का आहेस? बोल ना!" मी परत म्हणालो, येतो. आठ तारखेला निघतो. तो म्हणतो, "तुला काही वाटतच नाही. मी मेलो तरी यायचा नाहीस तू." मी तिसऱ्यांदा म्हणालो, अरे येतोय, तिकीट काढलंय! आणि तो आपला चालूच — मी कसा कृतघ्न, मी कसा ऐकत नाही. मग फोन ठेवून दिला. त्यानं!

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यापुढं मान हलवली, आणि त्याला ती घ्यायची पण नाही? असा कसा माणूस? आधी खूप राग आला. मग राग आलाच नाही, नुसतं विचित्र वाटत राहिलं.

३१ मार्च

बाईंना सांगितलं, सहज, जिन्यावर. भाऊ असा आहे म्हणून. त्यांनी मध्येच विचारलं, "हळू बोललास तर उत्तर देत नाही, आणि मोठ्यानं बोललास तर म्हणतो ओरडतोस कशाला?" मी म्हणालो, तुम्हाला कसं माहीत? त्या म्हणाल्या, "माझे काका छापखान्यात होते. मशीनच्या आवाजात जन्म गेला."

मग मला बसवलं आणि सांगितलं. त्यांना हळू ऐकू यायचं नाही, आणि मोठं एकदम टोचायचं. मधली जागाच उरली नव्हती. शेवटी कानात मशीन बसवलं, बोटाच्या पेराएवढं. "ते काय करतं माहीत आहे? बारीक आवाज उचलतं, मोठा दाबतं. माझ्या काकांच्या कानात एक गळादाब्या बसवला होता रे."

काट्याला जाऊन विचारलं, खरं का हे? तो म्हणाला, "खरंच तर. हाच डबा. मागच्या खोलीतलं सगळं खानदान आता तेवढ्याशात मावतं." मग माझ्याकडं बघून, "का?"

दगड जळेपर्यंत दादा शेजारी उभा होता. तिथंच होतो, म्हणाला.

१ एप्रिल, मंगळवार

दुपारी वहिनीला फोन केला, दादा बाहेर असताना. सरळ विचारलं. ती आधी म्हणाली, नाही हो, तसं काही नाही भावजी. मग म्हणाली, त्यांना सांगू नका. मग रडली.

कधीपासून असं आहे ते तिलाही नक्की माहीत नाही. आधी गिऱ्हाइकांची बोलणी चुकवायला लागला, मग घरातली. आता दगडाचं पण कळत नाही. "हात लावून बघतात, दगड गरम झाला का. परवा पट्ट्यात बाही गेली, थोडक्यात वाचले. म्हणून तुम्हाला बोलावतात. तुम्ही शेजारी उभे राहिलात तर तुमच्या तोंडाकडं बघून त्यांना कळेल, धान्य संपलं ते." मी म्हणालो, मग हे बोलायचं ना मला! ती म्हणाली, "गिरणीवाला आणि बहिरा? ते मरतील, पण बोलणार नाहीत."

डॉक्टरकडं? एकदा गेले. मशीनची किंमत ऐकली आणि उठून आले. लोक हसतील म्हणाले.

आणि मी सहा महिने त्याला भिंत म्हणत बसलोय.

३ एप्रिल, गुरुवार

आज मीच केला फोन. आधी मोकळ्या रानात जाऊन उभा राहिलो.

ओरडलो नाही. बाईंचं वाचन हातानं करायचो तसं तोंडानं केलं. कुठला शब्द पडू द्यायचा नाही, कुठला उसळू द्यायचा नाही. शेवटची अक्षरं आपण खातो, ती उचलायची. सावकाश, एका रेषेत. "दादा. मी बोलतोय. कसा आहेस?"

तो म्हणाला, "बरा आहे." आणि जरा वेळानं, "आज लाईन चांगली आहे रे."

मी म्हणालो, हो, आज चांगली आहे.

त्याचा स्वतःचा आवाज पण खाली आला होता. घरातला, जुना, गोणीवर बसवून बोलायचा तो. विचारलं, जेवतोस का. मग म्हणाला, "तू नक्की काय काम करतोस तिकडं? मला कधी सांगितलंच नाहीस." मी सांगितलं. गवतापासून डब्यापर्यंत सगळं. बाजारभाववाल्याला उलटा टांगला ते पण. दादा हसला! मग खोकला. मग म्हणाला, "म्हणजे आवाजावर लक्ष ठेवायचं. आपलंच काम की."

घसा दुखतोय. एका रेषेत बोलायला ओरडण्यापेक्षा जास्त ताकद लागते.

५ एप्रिल, शनिवार

तिकीट परत केलं. थोडे पैसे कापून घेतले, पण दिले बाकीचे. गवताला एक तारखेपासून हात लावलाय, तो आता चालूच ठेवतो. वहिनीला सांगितलंय, कानातलं मशीन आणलंस की त्याला म्हण, स्टेशनचं यंत्र आहे, धाकट्यानं तपासायला पाठवलंय, गिरणीत रोज लावून नीट चालतं का ते कळवायचंय. माझं काम म्हटलं की करील तो.

वहिनीच्या नावावर पैसे पाठवले, तिकिटाचे, कोर्सचे, आणि काट्यानं न विचारता हातात कोंबले ते, सगळे मिळून: बेचाळीस हजार. दोन्ही कानांचे.